ओढा आधी कागदावर शोधा

आमच्या सोसायटीच्या मागून एक ओढा वाहतो. पुण्यातल्या बावधनच्या टेकडीवरून उतरतो आणि खाली राम नदीला मिळतो. सरकारी कागदावर त्याला नाव नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला उंबराकडचा ओढा म्हणतात, कारण वरच्या अंगाला एक जुना उंबर आहे. मे महिन्यात पाहिलात तर त्यात नुसते दगड आणि वाळलेलं लव्हाळं दिसेल. बाहेरचा माणूस त्याला गटार समजतो. जुलैत तोच ओढा रात्री इतका गाजतो, की खिडकी लावून झोपावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यात डंपरभर राडारोडा पडलेला दिसला. आठवड्याने आणखी दोन खेपा पडल्या. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरले, सगळे हळहळले, आणि कोणालाच पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मला थोडं ठाऊक होतं, आणि ते कसं ठाऊक होतं हे आधी सांगते.

मी सव्वीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात आरेखक होते. आधी ट्रेसिंगवर शाईच्या पेनने, मग ऑटोकॅडवर. २००४ साली एका प्लॉटच्या नकाशावर मी एक वळणदार ओढा सरळ केला. सांगितलं गेलं, मी केला. अर्ध्या दुपारचं काम होतं. तीन वळणं गेली आणि प्लॉटचा कोपरा चौकोनी झाला. पुढच्या नकाशात त्या रेषेशेजारी 'नाला' लिहिलं गेलं, त्याच्या पुढच्यात 'पावसाळी गटार'. जमिनीवर पाणी तेव्हाही पूर्वीच्याच वळणांनी वाहत होतं. दोन वर्षांनी तिथे सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या. ते मी विसरलेले नाही. ओढा जमिनीवर बुजण्याआधी कागदावर बुजतो, हे मी स्वतःच्या हाताने पाहिलंय. म्हणून कोणी मला विचारलं, की आमच्या मागचा ओढा वाचवायला काय करू, तर मी म्हणते, फोटो नंतर काढा, आधी नकाशा काढा.

कागद कुठे मिळतो

सुरुवात सातबाऱ्याने करा. ओढा ज्या गट नंबरातून किंवा सर्व्हे नंबरातून जातो तो नंबर महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर सापडतो आणि सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर पाहता येतो. सातबाऱ्यावर लागवडीचं क्षेत्र सगळेच बघतात. तुम्ही 'पोटखराबा' बघा. पोटखराब्याचे अ आणि ब असे दोन वर्ग असतात. अ म्हणजे खडकाळ, शेतीला नालायक जमीन. ब म्हणजे रस्ता, पाऊलवाट, लोकांच्या वापराचा ओढा, तळं, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी आकारणीतून वगळलेली जमीन. तुमच्या ओढ्याच्या गटात ब वर्गाचं क्षेत्र नोंदलेलं असेल तर तो फार मोठा आधार आहे. इथे पाण्याची वाट आहे हे महसूल खात्याने कधीच मान्य करून ठेवलंय, असा त्याचा अर्थ.

मग गावनकाशा आणि टिपण. दोन्ही उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून नकलेचा अर्ज करून मिळतात. टिपण म्हणजे जुन्या मोजणीत भूकरमापकाने त्या एका सर्व्हे नंबराचं काढलेलं रेखाटन, साखळीच्या मापांसकट. ही साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ओढा शेताच्या बांधाला कुठे छेदतो, ते त्या मापांवरून आजही जमिनीवर लावून पाहता येतं. मला टिपणाची नक्कल मिळायला तीन हेलपाटे पडले. पण ती हातात आली तेव्हा त्यावर ओढ्याची वळणं होती. फिकट शाईतली, पण होती.

तिसरा कागद विकास आराखड्याचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्याच्या नकाशात ओढे निळ्या रेषेने दाखवलेले आहेत, पण सगळेच नाहीत. तिथे ओढा दिसला नाही म्हणून खचू नका. बांधकाम नियमावलीत बांधकाम प्रवाहापासून किती लांब हवं ते सांगताना गावनकाशा, नगर भूमापन नकाशा 'किंवा अन्यथा' अशी सोय ठेवलेली आहे. हा 'अन्यथा' तुमच्या कामाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या नकाशावर ओढा असेल तर तो पुरावाच. गूगल अर्थवर घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारून जुनी उपग्रहचित्रं बघता येतात, तीही छापून जोडा. मी २००३ पासूनची जी सापडली ती सगळी एका कागदावर ओळीने लावली. भराव कधी पडला हे सांगायला मग एका शब्दाचीही गरज उरली नाही.

मग पायाने

कागद हातात आला की ओढा चाला. एकदा मेमध्ये, एकदा जुलैत. पुस्तकात नाहीत अशा दोन गोष्टी सांगते. एक, वरून खाली चाला. पाणी जसं जातं तसं गेलं की अडथळा आपोआप सापडतो. दुसरी, शेजारच्या एखाद्या जुन्या रहिवाशाला सोबत घ्या. आमच्या इथल्या एका आजींनी काठीने दाखवलं, 'इथं खेकडी धरायचो, इथवर पाणी यायचं.' मी टिपणावर माप टाकलं तर ती जागा बरोबर ओढ्याच्या वळणावर निघाली.

अंतर मोजायचं ते पाण्याच्या खुणेपासून, म्हणून ती खूण ओळखता आली पाहिजे. पूर ओसरला की झुडपांच्या फांद्यांना गवत आणि प्लास्टिक अडकून राहतं, दगडावर शेवाळाचा वाळका पट्टा दिसतो, काठची माती खाल्लेली असते. वाळुंज, करंज, उंबर यांची मुळं कुठे उघडी पडली आहेत ते बघा. तिथे पट्टी धरून, गावाचं नाव, तारीख आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटतील अशा कॅमेऱ्याने फोटो घ्या. प्रत्येक ठिकाणचे दोन, एक जवळून आणि एक लांबून, मागे न हलणारी काही वस्तू येईल असा: विजेचा खांब, पाण्याची टाकी, मंदिराचा कळस.

नियम काय म्हणतात

इथे लोक फार गोंधळतात. त्यांना एकच 'पर्यावरण कायदा' हवा असतो आणि तसा तो नसतो. तुमच्यासमोर काय आहे त्यावर कोणता नियम लागू होतो ते ठरतं.

ओढा किंवा नदी असेल तर पहिला आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २०. नद्या, ओढे, नाले, तळी आणि त्यांतलं पाणी सरकारच्या मालकीचं आहे, असं ते सांगतं. दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला असेल तेवढाच अपवाद. 'आमच्या सातबाऱ्यातला ओढा आहे, आम्ही काहीही करू' याला हे उत्तर.

दुसरा आधार एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली आणि पुण्याला लागू आहे. लहान प्रवाहाच्या, म्हणजे ओढा-नाल्याच्या, पाण्याच्या खुणेपासून ६ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या खुणेपासून १५ मीटर, या अंतराच्या आत बांधकाम नाही, असं त्यात जागेच्या अटींमध्ये येतं. तिथेच एक पळवाट आहे, ती नीट वाचा. काठ स्पष्ट नसलेल्या सखल जमिनीतून ओढा जात असेल, तर प्राधिकरणाच्या परवानगीने त्याचा मार्ग आखून देता येतो, मात्र पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा बदलता येत नाही. मी २००४ मध्ये जे काढलं ते अशाच परवानगीच्या आधाराने. म्हणून फोटोत काठ स्पष्ट दिसणं इतकं महत्त्वाचं आहे. काठ आहे हे दाखवलंत की ही पळवाट बंद होते. नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा अर्ज लिहिण्याआधी तिसऱ्या प्रकरणाची चालू प्रत वाचून घ्या.

नदीकाठी असाल तर पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुठा नदीसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक आणि लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्गावर धरलेली आहे. निळ्या रेषेच्या आत बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, स्मशान, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र अशा मोजक्या गोष्टी सोडून नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच. लहान ओढ्यांना अशा रेषा बहुधा आखलेल्याच नसतात, म्हणून त्यांच्यासाठी तो ६ मीटरचा नियम जिवापाड धरायचा.

तळं किंवा दलदल असेल तर २०१७ चे पाणथळ जागांचे नियम. भराव, कचरा, सांडपाणी सोडणं यांवर त्यात बंदी आहे, आणि नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी या नियमांतून वगळली आहेत. पाषाण तलाव राम नदीवर बांध घालून केलेला. तिथे बदकं कितीही उतरोत, अर्जात नुसता पाणथळ नियम लिहिलात तर 'मानवनिर्मित जलाशय' म्हणून उत्तर येऊ शकतं. तिथे जमीन महसूल संहिता, १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि विकास आराखडा असे तिन्ही आधार एकत्र द्या.

ओढ्याचा उगम टेकडीवर असतो हे विसरू नका. १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम चालत नाही, आणि १९९७ साली पालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. वर मुरूम खोदला की खाली ओढा गाळाने भरतो. परवानगीशिवाय मुरूम काढणं किंवा नेणं हा जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खालचा विषय, तो तहसीलदाराकडे न्यायचा.

अर्ज असा लिहा

बहुतेकांचे अर्ज 'निसर्गाचा ऱ्हास थांबवा' अशा भाषेत असतात. भावना खरी असते, पण टेबलावरच्या माणसाला त्यावर काही करता येत नाही. त्याला गट नंबर लागतो. आमचा अर्ज एका पानाचा होता. विषय एका ओळीत: 'मौजे बावधन, गट क्र. अमुक, येथील नैसर्गिक ओढ्यात राडारोड्याचा भराव टाकून प्रवाह अडवल्याबाबत.' पहिल्या परिच्छेदात ओढा कुठल्या कागदावर दिसतो ते, नकाशाच्या नावासकट. दुसऱ्यात काय घडलं ते, तारखा आणि खेपांसकट. तिसऱ्यात कोणता नियम मोडला. शेवटी तीनच मागण्या: संबंधितांसमक्ष स्थळपाहणी करून पंचनामा करावा, भराव काढून ओढा पूर्वीच्या पातळीला आणावा, आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी. 'योग्य ती कारवाई करावी' असं कधीही लिहू नका. त्याचं उत्तर 'योग्य ती कारवाई केली आहे' असंच येतं. ते मला एका कार्यालयातून शब्दशः आलेलं आहे.

प्रती चार ठिकाणी द्या: क्षेत्रीय कार्यालय, बांधकाम विकास विभाग, मलनिःसारण विभाग आणि तहसीलदार. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच हातात आल्याशिवाय निघू नका. जून २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांत मात्र आधी एक चौकशी करा. गावं पालिकेत आली तेव्हा नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिले गेले होते. बांधकाम परवानगी कोणाच्या सहीची आहे ते कामाच्या जागी लावलेल्या फलकावर दिसतं, त्याचा फोटो घ्या.

डंपर रात्री येतात, तेव्हा एकट्याने अडवायला जाऊ नका. हे मी काळजीने सांगतेय. लांबून गाडीचा नंबर आणि वेळ टिपा, ११२ ला फोन करा, आणि फोन केल्याची वेळही लिहून ठेवा. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी झोप येत नाही म्हणून खिडकीत बसून सहा रात्रींची वही ठेवली. तीच वही शेवटी पंचनाम्याला जोडली गेली.

तीस दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'ओढा का बुजवू दिला?' याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. 'गट क्र. अमुकवरील मंजूर बांधकाम नकाशाची प्रत, ओढ्याबाबतचे सर्व विभागांचे अभिप्राय आणि आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी' असं मागितलं की ते द्यावं लागतं. जमलं तर प्रतींऐवजी फाइलची पाहणी मागा. आरेखक म्हणून सांगते, नकाशाच्या आधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की रेषा कुठे सरकली ते साध्या डोळ्यांना दिसतं. ३० दिवसांत माहिती आली नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

त्यापुढे राष्ट्रीय हरित अधिकरण. पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे; गुजरात आणि गोव्याची माणसं इथे येतात, आपल्याला तर बसने जाता येतं. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं आणि नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. मुदत मात्र कडक आहे. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. लोक अर्जांच्या उत्तरांची वाट बघण्यात ही मुदत घालवतात. पहिला डंपर पडला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून महिने मोजा. आमच्यावर तिथे जायची वेळ आली नाही. पाचव्या महिन्यात पंचनामा झाला आणि भराव निघाला. सगळा नाही. वरच्या वळणावरचा थोडा अजून आहे.

आणखी एक, पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईचं. गाळ आणि प्लास्टिक काढायलाच हवं. पण जेसीबीने काठच खरवडला तर लव्हाळं, वाळुंजाची मुळं आणि पाणकोंबडीचं घरटं सगळं एकदम जातं आणि पहिल्याच पावसात माती सुटते. काम सुरू होण्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना भेटून फक्त तळाचा गाळ काढायला सांगा. भेटून सांगितलं की बहुतेक ऐकतात. काठचं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लागते. हरकतीला सात दिवस मिळतात, तेवढ्यात लेखी द्या.

आपली भिंत

माझी धाकटी बहीण सहकारनगरला राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा ती गच्चीवर होती. त्या रात्री शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. सकाळी तिने फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते सोसायट्यांच्या सीमाभिंतींचं. भिंतींनी पाणी अडवून धरलं होतं आणि मग एकदम सोडलं. पेशवाईत नानासाहेबांनी आंबिल ओढा वळवून पर्वतीखाली तळं केलं, तेव्हा पाण्याला पसरायला जागा तरी दिली होती. आपण दोन भिंतींमध्ये चिंचोळी पट्टी देतो, मग तेच पाणी दुप्पट जोराने खालच्या वस्तीत शिरतं.

म्हणून डंपरविरुद्ध अर्ज दिला त्याच आठवड्यात मी आमच्या आवारात पट्टी धरली. मागच्या वाहनतळाच्या शेडचे खांब पाण्याच्या खुणेपासून ४.१ मीटरवर निघाले. सीमाभिंत त्याहूनही पुढे. सभेत सांगितलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अध्यक्ष काका म्हणाले, 'ताई, दुसऱ्याच्या भरावाविरुद्ध सही केली, मग हे पण बघायला पाहिजे.' शेड मार्चमध्ये काढली. फरशा उखडून तिथे करंजाची आणि उंबराची रोपं लावली. सात जगली आहेत. भिंत अजून उभी आहे. ती मागे घेतली तर चार गाड्यांची जागा जाते, त्यामुळे वाद आहे आणि तो खरा आहे. माझी स्वतःची गाडी त्या चारांत आहे.

भिंतीचा ठराव दिवाळीनंतरच्या सभेत येईल. त्यासाठी मी टिपणावरून ओढ्याचा नकाशा काढून ठेवलाय, सगळ्या वळणांसकट.